शब्द नवऱ्याचा, किंमत कोणाची?

‘माहेरी पाऊल ठेवलंस तर तुला तलाक,’ असं नवरा रागात बोलून गेला आणि बायको माहेरी गेली. आता ते दोघं नवरा-बायको आहेत का? धर्मशास्त्राचा निर्णय सांगणाऱ्या मुफ्तींना हा प्रश्न शतकानुशतकं विचारला जातो आहे, आता तो समाजमाध्यमांवरही विचारला जातो. त्यावरची चर्चा वाचली की दोन तट दिसतात. एक तट हनफी पंथाचं मत काय, शाफई पंथाचं मत काय, वाक्यात ‘जर’ होतं की ‘जेव्हा जेव्हा’, तलाक एक म्हटला की तीन, याचा हिशेब मांडत बसतो. दुसरा तट तो हिशेब बघून हसतो, ‘यांचं अजून हेच चाललंय’ म्हणतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. जिचं लग्न त्या वाक्याला टांगलं गेलं त्या बाईला काय हवं आहे, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. ती माहेरी गेली तेव्हा तिला लग्न मोडायचं होतं का? नसेल, तर ते का मोडावं? आणि समजा तिला खरोखरच सुटका हवी होती, तर उद्या नवरा ‘मी रुजू केलं’, म्हणजे तलाक मागे घेतला, असं म्हणाला की तिनं मुकाट्यानं परत का जावं?

धमकी म्हणून घातलेली तलाकची अट ही शपथ आहे, असं मी मानतो. शपथ मोडली तर भुर्दंड शपथ घालणाऱ्यानं भरावा, लग्न त्यात मोडू नये. उलट लग्नाच्या वेळी उभयतांच्या संमतीनं, बायकोच्या संरक्षणासाठी घातलेली अट असेल तर ती तंतोतंत पाळली जावी. आणि तलाकनंतरची दिलजमाई दोघांनी मिळून व्हावी, नवऱ्याच्या एकतर्फी घोषणेनं होऊ नये. ही मतं बाहेरून आणून इस्लामी कायद्यावर लादलेली आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या कायद्याचा इतिहास जरा बारकाईनं बघावा. तिन्हींना तिथेच आधार सापडतो, आणि तिन्ही कुठल्या ना कुठल्या मुस्लिम देशात कायदा म्हणून लागूही आहेत.

रुजूचा नियम माहीत नसेल तर हा वाद कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. उत्तम मानलेल्या पद्धतीत तलाक एका वेळी एकच द्यायचा असतो. मग इद्दत सुरू होते: साधारण तीन मासिक पाळ्यांचा काळ, पाळी येत नसेल तर तीन महिने, गर्भवती असेल तर बाळंतपणापर्यंत. या मुदतीत नवरा तलाक मागे घेऊ शकतो, त्याला रुजू म्हणतात. त्यासाठी नवा निकाह लागत नाही, नवा मेहर (लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) लागत नाही. मुदत उलटली तरी दोघं परत एकत्र येऊ शकतात, पण तेव्हा नवा निकाह, नवा मेहर आणि तिची संमती लागते. असं दोनदा होऊ शकतं, तिसऱ्या तलाकनंतर वाट बंद. कुराणाच्या अल-बकरा या सुरेत, म्हणजे अध्यायात (२:२२९) तलाक दोनदा सांगून, पुढे एकतर भलेपणानं ठेवून घ्या नाहीतर चांगुलपणानं निरोप द्या, असं म्हटलं आहे. अत-तलाक या सुरेत (६५:१) इद्दत नीट मोजा असं सांगताना कारणही दिलं आहे: कोण जाणे, यानंतर अल्लाह काही नवं घडवून आणेल. सगळी रचना माणसाला थांबायला आणि विचार बदलायला जागा ठेवणारी आहे.

सशर्त तलाक नेमकी ही जागा गिळून टाकतो. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत त्याचं ठरलेलं उदाहरण असतं: ‘तू त्या घरात गेलीस तर तुला तलाक.’ चारही सुन्नी पंथांच्या प्रस्थापित मतानुसार अट पुरी झाली की तलाक पडतो, मग त्या क्षणी नवऱ्याच्या मनात काहीही असो. त्याहून जाचक भाग असा की, बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांच्या, मते एकदा घातलेली अट मागे घेता येत नाही. राग संध्याकाळपर्यंत उतरतो, अट मात्र जन्मभर राहते. वाक्यात एकच तलाक असेल तर निदान रुजूची वाट उरते, ‘तीन’ म्हटलं असेल तर तीही नाही. हनफी परंपरेनं यातून सुटायला एक युक्ती शोधली. नवऱ्यानं आधी एक साधा तलाक द्यायचा, इद्दत संपू द्यायची, ती त्याची बायको उरली नाही की तिनं ती मनाई केलेली गोष्ट करून टाकायची, म्हणजे अट रिकामी जाते, आणि मग दोघांनी पुन्हा निकाह लावायचा. रागाच्या एका वाक्यातून सुटायला एक खराखुरा घटस्फोट आणि एक नवं लग्न! ही वाट शोधणारे तल्लख होते आणि त्यांचा हेतू संसार वाचवण्याचा होता, यात मला शंका नाही. पण नियम पाळण्यासाठी नियमालाच असा वळसा घालावा लागत असेल, तर दोष वळसा घालणाऱ्यांत शोधायचा की नियमात?

पारंपरिक बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा शब्दांच्या गांभीर्याचा आहे, आणि तो मला हलका वाटत नाही. एक प्रसिद्ध हदीस (पैगंबरांचं वचन) सांगते की तीन गोष्टी गंभीरपणे केल्या तरी खऱ्या आणि थट्टेत केल्या तरी खऱ्या: निकाह, तलाक आणि रुजू. ज्या समाजात लग्न शब्दांनी जुळतं, तिथे शब्द पोकळ होऊ दिले तर लग्नही पोकळ होईल, ही भीती खोटी नाही. उद्या नवरे दिवसातून दहा वेळा तलाकच्या धमक्या देतील आणि म्हणतील, ‘ती तर नुसती शपथ होती.’ दुसरे खलिफा हजरत उमर यांचा दाखला इथे नेहमी येतो. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या इब्न अब्बास यांच्या कथनानुसार पैगंबरांच्या काळात, अबू बक्र यांच्या काळात आणि उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांत एका वेळचे तीन तलाक एकच धरले जात. लोक घाई करू लागले तेव्हा उमर यांनी ते तीनच धरायला सुरुवात केली. जिभेला लगाम बसावा म्हणून परिणाम कडक केला, हा त्यातला तर्क.

पण तो परिणाम भोगला कोणी? तीन तलाक तीनच धरले म्हणून नवऱ्यांच्या जिभा आवरल्या गेल्या, असं नंतरच्या तेरा शतकांचा अनुभव सांगत नाही. उच्छृंखल नवरा दुसरं लग्न करून मोकळा झाला आणि घर गेलं बाईचं. पश्चात्ताप झालाच, तर हलालाच्या (पहिल्या नवऱ्याकडे परतण्याआधी दुसऱ्याशी लग्न करण्याच्या) नावाखाली ठरवून लावलेल्या लग्नाचा अपमानही तिनंच सोसला. शिक्षा द्यायची एकाला आणि ती भोगायची दुसऱ्यानं, याला धाक कसं म्हणायचं?

शब्द गंभीर धरायचे आणि त्याची किंमत मात्र बोलणाऱ्याकडूनच वसूल करायची, हे कसं जमवावं याचा धडा खुद्द कुराणात आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात नवरा बायकोला ‘तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी’ असं म्हणत असे. याला जिहार म्हणत, आणि त्यानं संबंध तुटला असं धरलं जाई. औस बिन सामित यांनी आपली पत्नी खौला बिन्त सालबा हिला हे शब्द उच्चारले. खौला पैगंबरांकडे गेली आणि वाद घालत राहिली. अल-मुजादिला ही सूरा त्या वादापासूनच सुरू होते. निर्णय काय झाला? ते बोलणं वाईट आणि खोटं ठरवलं, पण पोकळ म्हणून सोडून दिलं नाही. बोलणाऱ्यानं एक गुलाम मुक्त करावा, ते शक्य नसेल तर सलग दोन महिने रोजे धरावेत, तेही शक्य नसेल तर साठ गरिबांना जेवू घालावं, आणि मगच बायकोजवळ जावं. लग्न टिकलं, तोंडाला आलं ते बोलणाऱ्याला दंड झाला. ईलाचंही तसंच. बायकोजवळ जाणार नाही अशी शपथ घेऊन तिला वर्षानुवर्षं अधांतरी ठेवण्याची प्रथा होती. कुराणानं (२:२२६-२२७) त्या शपथेला चार महिन्यांची मुदत घातली, की तेवढ्यात परत ये, नाहीतर सोड. साध्या शपथेसाठीही (५:८९) दहा गरिबांचं जेवण किंवा कपडे, किंवा गुलामाची मुक्ती, ऐपत नसेल तर तीन रोजे, असा कफ्फारा सांगितला आहे. नवऱ्याच्या शपथेचा फास बायकोच्या गळ्यातून काढून शपथेची जबाबदारी नवऱ्यावर टाकायची, असा या सगळ्याचा एकच रोख आहे. मग ‘माहेरी गेलीस तर तलाक’ ही तेवढी एक शपथ या रोखाच्या उलट दिशेनं का धावावी?

तलाकची शपथ ही घरापुरतीही राहिली नव्हती. राज्यकर्त्यांनी ती निष्ठेच्या शपथेत घुसवली: खलिफाशी बेइमान झालो तर माझ्या बायकांना तलाक. माणसाच्या राजनिष्ठेसाठी त्याची बायको तारण! ७६२ मध्ये मदिनेत अब्बासी खलिफा अल-मन्सूरविरुद्ध उठाव झाला. त्या सुमारास मालिकी पंथाचे प्रणेते इमाम मालिक हे, जबरदस्तीनं वदवलेला तलाक लागू होत नाही, असं सांगत. त्याचा सरळ अर्थ लोकांनी घेतला की जबरदस्तीनं घेतलेली निष्ठेची शपथही बांधत नाही. परंपरा सांगते की मदिनेच्या सुभेदारानं या मतासाठी त्यांना फटके मारवले. पुढे चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न तैमिया या धर्मशास्त्रज्ञानं म्हटलं की बायकोला, स्वतःला किंवा आणखी कोणाला एखादी गोष्ट करण्यापासून रोखायला घातलेली तलाकची अट ही शपथच आहे, ती मोडली तर कफ्फारा द्या, तलाक पडत नाही. १३१८ मध्ये त्याला या विषयावर फतवे द्यायला सुलतानानं बंदी केली. त्यानं ऐकलं नाही, म्हणून १३२० मध्ये पाचेक महिने दमास्कसच्या किल्ल्यात डांबलं. तकीउद्दीन अस-सुबकींसारख्या मातब्बर शाफई विद्वानानं त्याचं खंडन लिहिलं. इतर बाबतींत इब्न तैमियाचं नाव घेताच कपाळाला आठ्या घालणारे आज या एका मुद्द्यावर त्याच्या आश्रयाला जातात, आणि त्याच्या नावाच्या शपथा खाणारे इथे मात्र त्याला हळूच बाजूला सारतात. गंमत आहे खरी.

‘म्हणजे तुम्ही सोयीचा इमाम निवडताय,’ असा आक्षेप यावर येतो. अंशतः तो खरा आहे. वेगवेगळ्या परंपरांतून हवं ते वेचून कायदा बनवला तर त्याची आतली संगती बिघडू शकते, आणि शतकानुशतकांच्या सहमतीला काही वजन असतंच. पण सहमती होती का? जाहिरी परंपरेच्या इब्न हज्मच्या मते सशर्त तलाक मुळातच निरर्थक. शिया जाफरी कायद्यात तलाक बिनशर्त लागतो आणि दोन न्यायी साक्षीदारांसमोरच उच्चारावा लागतो, अट घातली की तो बाद. शिवाय वेचण्याचं काम काही कालच्या सुधारकांनी सुरू केलेलं नाही. ज्या इजिप्तमध्ये न्यायालयं हनफी मतानं चालत, तिथे १९२९ च्या २५ क्रमांकाच्या कायद्यानं चार ओळींत हा प्रश्न सोडवला: नशेतला आणि जबरदस्तीचा तलाक लागू नाही, केवळ काही करायला लावण्यासाठी किंवा रोखण्यासाठी घातलेला सशर्त तलाक लागू नाही, संख्या जोडलेला तलाक एकच धरायचा. जवळपास शतक होत आलं. सुदान, सीरिया, इराक त्याच वाटेनं गेले. पाकिस्तानच्या १९६१ च्या अध्यादेशानं वेगळी तऱ्हा वापरली: तलाक कोणत्याही स्वरूपात दिला तरी लेखी सूचना द्यायची, मग समेटासाठी लवाद परिषद, आणि नव्वद दिवस उलटल्याशिवाय तलाक अमलात येत नाही. या देशांतला इस्लाम त्यामुळे बुडाला, असं तिथले सनातनीही म्हणत नाहीत.

मला खरोखर अडवणारा आक्षेप वेगळा आहे, आणि तो बायकांच्या बाजूनं येतो. हेतू बघायचा म्हटलं की हेतू सांगणार कोण? नवराच. ज्या बाईला त्या घरातून सुटायचं आहे, तिच्या दृष्टीनं नवऱ्याचं ते बेफाम वाक्य ही उघडलेली खिडकी असू शकते. तिनं जाणूनबुजून अट मोडली, आणि नवरा शांतपणे म्हणाला, ‘छे, मी फक्त धमकावत होतो.’ म्हणजे धमकी देण्याचा फायदाही त्याचाच आणि धमकीतून निसटण्याचाही. पारंपरिक नियम निदान त्याला त्याच्या शब्दात पकडत होता!

हा आक्षेप मी मान्य करतो आणि तरी मूळ मतावर राहतो, कारण उपाय दुसरीकडे आहे. बहुतेक वेळा नवऱ्याच्या मनात डोकावायची गरजच नसते. बायकोनं कुठे जावं, कोणाशी बोलावं, काय करू नये यावर घातलेली अट ही वाक्याच्या रूपावरूनच दटावणी असते. तिला शपथ धरावं. पण ज्या वाक्यानं नवऱ्याला घटस्फोट मिळत नाही, ते वाक्य बायकोच्या हातात पुरावा म्हणून राहावं. भारतातल्या १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यात क्रूरता हे बायकोनं घटस्फोट मागण्याचं कारण आहे, आणि त्या क्रूरतेत मारहाण नसली तरी आयुष्य दुःसह करणारी वागणूक येते. आईला भेटण्यावर लग्नाचा जुगार लावणं ही तशी वागणूक नाही तर काय आहे? म्हणजे धमकी दिली गेली की निवड बायकोची. राहायचं असेल तर लग्न शाबूत आणि नवऱ्यानं कफ्फारा द्यावा. जायचं असेल तर त्याचेच शब्द तिचा दावा उभा करतील. हे असमान आहे का? आहे. पण एकतर्फी तलाकचा अधिकार मुळात एकाच बाजूला होता, तो वापरून धमकावण्याची सोयही त्याच बाजूला होती. मग तिचं उत्तर समोरच्या बाजूला का नसावं? न्यायालयात वर्षं जातात, हेही खरं. तरी बाईची सुटका नवऱ्यानं रागात योग्य ते वाक्य उच्चारण्याच्या योगायोगावर सोडायची, हा त्यावरचा इलाज होऊ शकत नाही. तिच्यासाठी खुला (बायकोनं मागून घेतलेला घटस्फोट) आहे, तफवीज (नवऱ्यानं तलाकचा अधिकार बायकोला सोपवणं) आहे, ते दरवाजे रुंद करायला हवेत.

आणि इथे सशर्त तलाकची दुसरी, आपल्याकडे फारशी ठाऊक नसलेली बाजू येते. हीच अट उलटी फिरवली की बायकोची ढाल होते. इंडोनेशियात निकाहनंतर नवरा ‘सिघात ताक्लिक’ वाचतो. त्या प्रथेचं मूळ सतराव्या शतकातल्या जावामधल्या मातारामच्या सुलतान आगुंगपर्यंत नेलं जातं. नवरा म्हणतो की मी सलग दोन वर्षं बायकोला सोडून गेलो, तीन महिने तिला पोटगी दिली नाही, तिच्या अंगाला इजा केली, किंवा सहा महिने तिच्याकडे दुर्लक्ष केलं, आणि तिला हे मान्य नसल्यानं तिनं धर्मन्यायालयात तक्रार केली, न्यायालयानं ती मानली आणि तिनं नाममात्र मोबदला भरला, तर तिला एक तलाक. मोबदला दिल्यामुळे हा तलाक बाइन ठरतो, म्हणजे नवरा दुसऱ्या दिवशी येऊन ‘रुजू केलं’ म्हणू शकत नाही. मलेशियातही संघीय प्रदेशांच्या १९८४ च्या कायद्यात अशा ताअलीकनं, म्हणजे अटीवरच्या तलाकनं, घटस्फोटाची तरतूद आहे. फिक्हचं तत्त्व तेच, की अट पुरी झाली तर तलाक पडतो. फक्त अट आता नवऱ्याच्या वागण्यावर आहे, ती शांत डोक्यानं आणि साक्षीदारांसमोर घातली आहे, ती पुरी झाली की नाही हे न्यायालय तपासतं, आणि ती वापरायची की नाही हे बायको ठरवते. हनफी परंपरेत हेच काम तफवीज करतो. पाकिस्तानच्या निकाहनाम्यात अठरावा रकाना त्यासाठीच आहे: नवऱ्यानं तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का, आणि कोणत्या अटींवर? अनेक ठिकाणी निकाह लावणाराच त्या रकान्यावर आडवी रेघ मारून मोकळा होतो. हक्क कागदावर असणं आणि नवरीला तो असल्याचं सांगणं यातलं अंतर एका रेघेइतकंच असतं.

रुजूबद्दल मात्र सुधारणावादीही गप्प असतात, कारण समेट म्हटलं की सगळ्यांना गोड वाटतं. घर पुन्हा जुळतंय, मग कुरकुर कशाला? पण पारंपरिक नियमात रुजूला बायकोची संमती लागत नाही. शाफई मतानं तो शब्दांनी करायचा, हनफी मतानं शब्दांनी किंवा कृतीनंही होतो, आणि अनेकांच्या मते साक्षीदार असणं उत्तम, पण अनिवार्य नाही. म्हणजे इद्दतीच्या शेवटच्या दिवशी नवऱ्यानं ‘परत घेतली’ म्हटलं की ती परत घेतली गेली. तिला कळलं नसेल तरीसुद्धा. पारंपरिक पक्षाकडे इथे थेट आयत आहे (२:२२८): त्या काळात त्यांना परत घेण्याचा नवऱ्यांचा हक्क अधिक आहे. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच वाक्यात अट जोडलेली आहे, की त्यांना सुधारणा, समेट हवा असेल तर. आणि तीनच आयतींनंतर (२:२३१) बजावलं आहे की त्रास देण्यासाठी त्यांना अडकवून ठेवू नका. समेट हवा आहे की त्रास द्यायचा आहे, हे एकट्या नवऱ्याच्या तोंडून कसं कळावं? जिच्याशी समेट करायचा तिला न विचारता?

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटायचं कारण नाही. रखमाबाईंच्या खटल्यात मुंबई हायकोर्टासमोर हेच होतं: जिला नांदायचं नाही अशा बाईला नवऱ्याच्या घरी पाठवता येतं का? १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी नाही म्हटलं, अपिलात ते उलटलं, आणि १८८७ मध्ये निकाल आला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. प्रकरण १८८८ मध्ये तडजोडीनं मिटलं. वैवाहिक हक्कांच्या पुनर्स्थापनेचा तो दावा इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांकडून आला होता आणि १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो मुस्लिम विवाहांनाही लागू धरला होता. म्हणजे बाईला परत घेण्यासाठी तिची इच्छा विचारात न घेणं ही काही एका धर्माची मक्तेदारी नव्हती. ‘त्यांचं अजून हेच चाललंय’ म्हणणाऱ्यांनी हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ एकदा वाचावं.

बदल शक्य आहे का, हा प्रश्न तर कधीच निकाली निघालेला आहे. इंडोनेशिया आणि मलेशिया हे शाफई परंपरेचे देश, जिथे पुस्तकी नियमानं संमतीचा प्रश्नच येत नाही. तरी इंडोनेशियाच्या १९९१ च्या इस्लामी कायदा-संहितेत (कलमं १६४ आणि १६५) इद्दतीतली बायको नोंदणी अधिकाऱ्यासमोर आणि दोन साक्षीदारांपुढे रुजूला हरकत घेऊ शकते, आणि तिच्या संमतीशिवाय केलेला रुजू धर्मन्यायालय अवैध ठरवू शकतं. मलेशियाच्या १९८४ च्या कायद्यात बायकोनं शरीयतमान्य कारणासाठी रुजू नाकारला तर न्यायालय तिला नांदायला पाठवत नाही, समेट समिती नेमतं. इजिप्तच्या २००० सालच्या १ क्रमांकाच्या कायद्यानं लपवलेल्या रुजूवर बोट ठेवलं: बायकोनं नाकारलं, तर तलाकच्या नोंदणीपासून साठ दिवसांत (इद्दत महिन्यांनी मोजायची असेल तर नव्वद) अधिकृत कागदानं तिला कळवलेलं असल्याशिवाय नवऱ्याचा रुजूचा दावा ऐकलाच जात नाही. यात इजिप्तनं तिच्या संमतीला हात लावला नाही, फक्त तिला कळवणं सक्तीचं केलं, आणि तेवढ्यानंही मोठा छळ थांबतो.

भारतात आपण समजतो की २०१७ चा शायरा बानो निकाल आणि २०१९ चा कायदा यांनी सगळं मिटलं. २०१९ च्या कायद्याची व्याख्या वाचा: तलाक-ए-बिद्दत (एका दमात दिलेले तीन तलाक), किंवा तत्काळ आणि मागे न घेता येणारा परिणाम असलेला तत्सम तलाक. ‘माहेरी गेलीस तर तीन तलाक’ हे त्यात बसवता येईल. ‘माहेरी गेलीस तर एक तलाक’ बसत नाही, कारण तो मागे घेता येतो. अट घालून धमकावणं, तलाक आणि रुजू यांचा पाठशिवणीचा खेळ करून दोनदा अधांतरी ठेवणं, हे सगळं त्या कायद्याच्या बाहेर राहिलं. शमीम आरा खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तलाकला वाजवी कारण हवं आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांकरवी समेटाचा प्रयत्न हवा असं म्हटलं, ते या प्रश्नाच्या अधिक जवळ जातं. पण शिक्षेचा कायदा झाला आणि सगळं लक्ष तुरुंगाकडे गेलं. तुरुंगातल्या नवऱ्याकडून बायकोला घटस्फोटही मिळत नाही आणि घरही मिळत नाही.

‘मग समान नागरी कायदाच आणा ना,’ असं म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण त्यांना एक विचारावंसं वाटतं. कायदा नोंदणीच्या घटस्फोटाचं सांगेल, घरात उच्चारलेल्या वाक्याचं काय? ती बाई न्यायालयाच्या दृष्टीनं विवाहित राहील आणि मोहल्ल्याच्या, माहेरच्या, खुद्द स्वतःच्या श्रद्धेच्या दृष्टीनं घटस्फोटिता. तिला मुफ्तीकडे जावंसं वाटणारच, आणि मुफ्ती कोणतं मत सांगतो यावर तिची झोप अवलंबून राहणार. म्हणून ही लढाई फिक्हच्या आतही लढावी लागते, आणि ती लढायला पुरेशी सामग्री तिथे आहे. आजच्या निकाहनाम्यांत तीन कलमं घालायला कोणत्याही संसदेची गरज नाही: बायकोच्या वागण्यावर घातलेली तलाकची अट शपथ मानली जाईल आणि नवरा कफ्फारा देईल, रुजू बायकोच्या लेखी संमतीनं आणि साक्षीदारांसमोरच होईल, आणि नवऱ्यानं ठरावीक महिने सोडून दिलं किंवा मारहाण केली तर तफवीजचा अधिकार तिचा. इंडोनेशियात १९९६ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेनं म्हटलं होतं की सिघात ताक्लिकची आता गरज नाही, त्यातल्या अटी विवाह कायद्यात येऊन गेल्या आहेत. तरी नवरे ती वाचतातच. संहितेच्या कलम ४६ नुसार ती सक्तीची नाही, पण एकदा वाचली की नवऱ्याला ती मागे घेता येत नाही.